कुलपातलं मैदान

ट्रकने आम्हाला वस्तीवर न सोडता थेट शाळेच्या फाटकाशी उतरवलं. लॉकडाऊनचं पहिलं वर्ष होतं. ऊसतोडीला गेलेले आम्ही गावचे अकरा कोयते; कोयता म्हणजे आमच्याकडे नवरा-बायकोची जोडी. पश्चिमेकडच्या एका कारखान्याच्या माळावर, ऊस संपून गेल्यावरही, आम्ही तीन आठवडे पाचटाच्या झोपड्यांमध्ये, कोप्यांमध्ये अडकून पडलो होतो, कारण जिल्ह्यांच्या हद्दी बंद होत्या. मग परवानगी आली, तपासणी झाली, हातावर शिक्का बसला. गावचं पाण्याचं टाकं दिसू लागलं तेव्हा ट्रकमधल्या बायका उठून उभ्या राहिल्या. माझी बायको म्हणाली, "आधी पोरीला न्हाऊ घालते, मग बाकीचं." आमची पाच वर्षांची मुलगी सहा महिने माझ्या आईपाशी होती.

फाटकात कॅप्टन उभा होता. तोंडाला गमजा बांधलेला, हातात फक्कीची पाटी. कॅप्टन म्हणजे आमच्या फुटबॉल क्लबचा कॅप्टन. मला पाहून त्याने हात वर केला, पण पुढे आला नाही.

"घरी न्हाई जायचं," तो म्हणाला. "गावच्या समितीनं ठरवलंय. अठ्ठावीस दिवस हितंच."

"पोरगी दोनशे पावलांवर हाय बे. नुस्ती बघून येतो."

"मला कळत न्हाई का? पण न्हाई जमत. आत व्हा सगळे."

आम्ही आत गेलो. तो वाकला आणि फाटकापासून पाच हातांवर त्याने फक्कीची पांढरी रेघ ओढली. घरचे डबे रेघेपर्यंत येतील, ठेवणारा माणूस लांब गेला की आपण उचलायचे, असं त्याने समजावून सांगितलं. रेघ अगदी सरळ आली होती. दरवर्षी सामन्याआधी गोलसमोरचा चौकोन तोच आखायचा. हात बसला होता त्याचा.

दिंद्रुडच्या अंगाला असलेल्या आमच्या गावात फुटबॉल यायचं तसं काही कारण नव्हतं. कबड्डी होती, कुस्ती होती, पुढे क्रिकेट आलं. पण मी सातवीत असताना कोल्हापूरकडचे एक गुरुजी बदलून आले. त्यांनी शाळेच्या मैदानात लोखंडी पाइपांचे दोन गोल रोवले, आम्हाला अनवाणी पळवलं, आणि बदली होऊन गेले तेव्हा मागे एक संघ ठेवून गेले. अकरातले सात जण माझ्यासारखे, आई-बापामागे फडात वाढलेले. चार जण बागायतदारांच्या घरातले. कॅप्टन त्यातल्या सगळ्यात मोठ्या घरचा. त्याचे वडील, सगळं गाव ज्यांना अण्णा म्हणायचं, राजकारणात उठबस असलेले. एरवी त्यांच्या ओसरीवर आम्ही पायरीच्या खालीच उभे राहणारे. मैदानात मात्र मी त्याला बेधडक शिव्या द्यायचो आणि तो ऐकून घ्यायचा.

मी गोली. गुरुजी मला सांगायचे, "गोलीचं अर्धं काम हातांचं, अर्धं तोंडाचं. सगळं मैदान तुझ्यासमोर आहे. बाकीच्यांना पाठीमागचं दिसत नाही. तू बोललास तर ते वाचतील." म्हणून मी ओरडायला शिकलो. चेंडू मी घेणार असलो की "सोड!", मागून कुणी येत असलं की "पाठीवर हाय!" आमचा हंगाम पाडव्यानंतरचा, तोडीच्या टोळ्या परतल्यावरचा. वैशाखातल्या यात्रेत आसपासच्या गावांचे संघ यायचे. शाळेची भिंत माणसांनी भरून जायची, कडुनिंबावर पोरं लटकायची, बायका घरांच्या धाब्यांवर उभ्या राहायच्या आणि अण्णा खुर्ची टाकून सगळ्यात पुढे बसायचे. त्या गोंगाटात आपला आवाज पोचवायचा म्हणजे घसा फाटायचा. यात्रेनंतर चार दिवस मला बोलता यायचं नाही आणि मला त्याचा अभिमान वाटायचा.

आता त्याच मैदानात आम्ही कोंडले गेलो होतो. दोन वर्ग बायकांना, दोन वर्ग पुरुषांना. पत्र्यांमुळे दुपारी आत बसवत नसे. बाहेर आलं की समोर दोन गोल, मधे उघडी माती आणि भोवती कमरेपेक्षा थोडी उंच भिंत. उडी मारली तर पलीकडे गाव होतं. कुणी मारली नाही. आई रोज संध्याकाळी मुलीला घेऊन रस्त्यापलीकडच्या कडुनिंबाखाली उभी राहायची. मुलगी हात हलवायची. बायको फाटकाच्या गजांना धरून तिला विचारायची, "जेवलीस का गं? केस कुणी इंचरले?" मुलगी मान हलवायची.

तिसऱ्या दिवशी माझ्या चुलतभावाने पोत्यातून बॉल काढला. हा भाऊ आमच्याकडून डाव्या बाजूने खेळायचा, पायाने चपळ आणि डोक्याने गरम. बॉल आम्ही कारखान्यावर सोबत नेला होता. आत आम्ही सात खेळाडू होतो, टोळीतली आणखी चौघं घेतली आणि खेळायला लागलो.

एरवी बॉलचा पहिला आवाज झाला की गल्लीतून माणसं यायची. त्या दिवशी उलटं झालं. शाळेसमोरून चाललेला एकजण थांबला, वळला आणि लांबच्या वाटेने गेला. समोरच्या घराची खिडकी लागली. दुसऱ्या दिवशी तर भिंतीकडच्या रस्त्याने कुणी फिरकलंच नाही. आम्ही गोल मारायचो आणि आपसूक भिंतीकडे बघायचो. मोकळी भिंत. भाऊ म्हणाला, "मेल्यावर खेळल्यासारखं वाटायलंय." कुणी हसलं नाही, पण रोज संध्याकाळी आम्ही खेळत राहिलो, कारण दुसरं करायला काही नव्हतं आणि घाम आला की त्या दिवशी झोप लागायची.

सातव्या की आठव्या दिवशी भावाने मारलेला बॉल भिंतीवरून बाहेर गेला. बाहेर सार्वजनिक नळ होता. बायका पाणी भरत होत्या. बॉल टप्पा खाऊन एका हंड्यावर आदळला. एकच किंकाळी उठली. बायका हंडे तिथेच टाकून पळाल्या. मी भिंतीपाशी जाऊन ओरडलो, "अवं, नुस्ता बॉल हाय! पायानं इकडं ढकला!" पण ऐकायला तिथे कुणी उरलं नव्हतं. नळ चालूच होता आणि पाणी रस्त्यावरून वाहत होतं.

अर्ध्या तासाने गाव जमलं. धाब्यांवर, ओट्यांवर, लांब कडुनिंबाखाली, माणसं उभी. शिव्या ऐकू येत होत्या. कुणीतरी म्हणालं, "ह्यांना तोडीलाच ठेवायला पायजे होतं." सगळे तेच होते, दरवर्षी आमच्या नावाने शिट्ट्या वाजवणारे. मग कॅप्टन मोटरसायकलवरून आला. मागे अण्णा पायी आले आणि लांबच थांबले. कॅप्टनच्या हातात लांब काठी होती. काठीने त्याने बॉल ढकलत ढकलत रस्त्याच्या मध्यावर आणला, गाडीतून बाटलीत पेट्रोल काढलं, ओतलं आणि काडी लावली.

बॉल लगेच पेटला नाही. आधी काळा धूर निघाला, मग एका बाजूने तो बसला आणि शू करून हवा गेली. जळक्या रबराचा वास आमच्यापर्यंत आला. कॅप्टन काठी धरून तसाच उभा होता. त्याने आमच्याकडे पाहिलं नाही. त्या महिन्यात आमच्या मैदानाभोवती एवढीच एकदा गर्दी जमली.

भाऊ भिंतीवर चढू लागला. मी त्याची कंबर मागून धरली. "सोड मला," तो ओरडत होता, "त्याच्या बापाचा होता का बॉल?" मी सोडलं नाही. तो बाहेर गेला असता तर परत आत आला नसता, हे मला दिसत होतं.

बॉल विझल्यावर कॅप्टन फाटकाशी आला. खिशातून कुलूप काढलं, साखळी घातली आणि बाहेरून लावलं.

"कुलूप कावून?" मी विचारलं. "आमी कुठं पळालो?"

"लोक ऐकंनात."

"आन् तू?"

त्याने किल्ली खिशात टाकली. "मी काय," एवढंच म्हणाला आणि गाडीला किक मारून गेला.

फाटक आधीही बंदच असायचं. पण कुलूप लागल्यावर सगळंच बदललं. आता बायका फाटकापाशी जाईनात. एकीला धाप लागल्यासारखं व्हायला लागलं. ती दिवसभर वर्गाच्या उंबऱ्यावर बसून साखळीकडे बघायची. आईने मुलीला आणणं बंद केलं. लोकांनी तिला दम दिला होता, हे मला नंतर समजलं. दोन-तीन दिवस असेच गेले. मग एका सकाळी माझ्या बायकोने ट्रकमधून आलेलं रिकामं पोतं उसवलं, आपलं एक फाटकं लुगडं आत कोंबलं, चिंध्या भरल्या आणि दाभणाने सुतळीचे टाके घालत बसली. दुपारपर्यंत ओबडधोबड चेंडू तयार झाला. तो तिने माझ्यासमोर टाकला.

"खेळा," ती म्हणाली. "तुमी नुस्ते बसलात की मला जास्ती भ्या वाटतंय."

यात्रेचा दिवस आला. यात्रा अर्थातच नव्हती. देवळाचा भोंगाही वाजला नाही. भाऊ म्हणाला, आज सामना घ्यायचा. आम्ही चुलीतली राख आणून चौकोन आखले. बायका पहिल्यांदाच वर्गांसमोर ओळीने बसल्या. इतकी वर्षं यात्रेच्या दिवशी माझी बायको पाहुण्यांच्या भाकरी थापत असायची. लग्नाला सात वर्षं झाली तरी तिने मला खेळताना पाहिलं नव्हतं. पंधरा-वीस मिनिटं तिने पाहिलं आणि शेजारणीला म्हणाली, "बाई, ह्येच हाय व्हय? ह्येच्यासाठी मी दोन पायल्यांच्या भाकरी करायची?" बायका हसल्या. ट्रकमधून उतरल्यापासून त्या पहिल्यांदा हसल्या असतील.

चिंध्यांचा चेंडू उसळत नव्हता, जिथे पडेल तिथे बसायचा. तरी आम्ही जीव तोडून पळत होतो. मधेच माझं लक्ष फाटकाकडे गेलं. बाहेर कॅप्टन मोटरसायकलवर बसला होता. राखणीची पाळी असावी त्याची. हनुवटी हँडलवर टेकवलेली, डोळे चेंडूवर. भावाकडे चेंडू आला, उजवीकडे एक गडी मोकळा होता आणि भावाला तो दिसत नव्हता. कॅप्टन एकदम ओरडला, "उजवीकडं! उजवीकडं दे!"

सगळे थांबले. भावाने चेंडूवर पाय ठेवला आणि फाटकाकडे पाहिलं. कॅप्टनने मान खाली घातली. मग भावाने चेंडू मुद्दाम डावीकडे, भिंतीवर मारला. थोड्या वेळाने मोटरसायकल चालू झाल्याचा आवाज आला.

अठ्ठावीस दिवस पुरे झाल्यावर त्याने कुलूप काढलं आणि बाजूला सरकून उभा राहिला. आमच्यात कुणालाही काही झालं नव्हतं. बायका पळतच गेल्या. मी त्याच्याजवळून जाताना तो म्हणाला, "येतो संध्याकाळी घराकडं." मी "बरं" म्हणालो. तो आला नाही, मीही वाट पाहिली नाही. मुलगी पहिला दिवस माझ्या बायकोच्या जवळ गेली नाही. लांबून हात हलवायची.

त्या वर्षी पुन्हा बॉल आणला गेला नाही. दसऱ्यानंतर आम्ही तोडीला गेलो. परत आलो तेव्हा दुसरी लाट आली होती आणि त्या वेळी गावातली माणसंही गेली. अण्णा गेले. आम्ही सातही जण अंत्यदर्शनाला जाऊ शकलो नाही. परवानगीच मोजक्या माणसांची होती, असं आम्ही एकमेकांना सांगितलं.

पोळ्यानंतर तालुक्याच्या गावात एक स्पर्धा ठरली. प्रेक्षकांशिवाय, बंद फाटकाआड, नाकात काडी घालून तपासणी करून. कॅप्टनने निरोप पाठवला की संघ उतरवायचा. भाऊ म्हणाला, "आपुन सात आन् ते चार. अकरा होत्यात, पण टीम होते का?" तरीही आम्ही गेलो. दीड वर्ष खरा बॉल पायाला लागला नव्हता.

कॉलेजचं मैदान मोठं, सिमेंटच्या पायऱ्या असलेलं. पायऱ्या रिकाम्या. फाटकावर होमगार्ड. पावसाने ओढ दिली होती आणि जमीन टणक झाली होती. सामना सुरू झाला आणि मला आयुष्यात पहिल्यांदा मैदानातलं सगळं ऐकू आलं. बुटांचा आवाज, श्वास, पलीकडच्या गोलीचं खोकणं. समोरचे सतत एकमेकांना हाका मारत होते. आमच्याकडून एकही हाक नव्हती. म्हणजे आम्ही सात जण आपापसात बोलत होतो, बोटं दाखवत होतो, पण कॅप्टनला आमच्यातलं कुणी हाक मारत नव्हतं. ठरवलं नव्हतं आम्ही. माणसं असती तर त्यांच्या गोंगाटात ते कुणाला कळलंही नसतं. त्या रिकाम्या मैदानात प्रत्येकाला कळत होतं.

मध्यंतराआधी तो मधेच थांबून ओरडला, "बोला की बे! मुके झालात का?"

पायऱ्यांवरून त्याचाच आवाज परत आला. भाऊ म्हणाला, "तोंडाला गमजा बांधायची सवय लागलीय."

शेवटची दहा मिनिटं राहिली असतील. त्यांनी उजवीकडून उंच बॉल आत टाकला. मी पुढे निघालो. बॉल माझा होता, सरळ माझ्या हातात येणारा. कॅप्टन गोलकडे पाठ करून, वर बघत मागे मागे येत होता, डोक्याने तो बाहेर काढायला. त्याला मी दिसत नव्हतो. "सोड!" म्हणायला एक क्षण पुरतो. तो क्षण मला मिळाला होता, हे मी आजही शपथेवर सांगेन. शब्द घशात आला होता. फाटक, साखळी, वाकून रेघ ओढणारा तो, असलं काही त्या वेळी डोक्यात नव्हतं. डोक्यात काहीच नव्हतं. मी फक्त तोंड उघडलं नाही.

मी मूठ मारली. बॉलला थोडी लागली, बाकी सगळी त्याच्या तोंडावर. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. तो खाली बसला, दोन्ही हात नाकावर, आणि बोटांमधून रक्त यायला लागलं. बॉल हळूहळू घरंगळत आमच्या गोलमध्ये गेला. त्यांचेही खेळाडू ओरडले नाहीत.

त्याच्याच जीपमधून मी त्याला दवाखान्यात नेलं. बाकीचे टेम्पोत होते. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, पुन्हा तपासणी केल्याशिवाय आत घेणार नाही, व्हरांड्यात बसा. आम्ही बाकड्याच्या दोन टोकांना बसलो. त्याने नाकावर जर्सी धरली होती.

"कुलूप दुसऱ्या कुणाकडं गेलं असतं," तो अचानक म्हणाला, "तर डबेबी रेघेपातूर आले नसते. अण्णा म्हणले, तूच घे किल्ली."

खरं होतं का ते, मला माहीत नव्हतं. आजही नाही. मी मान हलवली.

"बॉल म्या जाळला," तो म्हणाला. "ते म्या केलं."

आता माझी पाळी होती, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. त्याने जर्सी बाजूला केली. पुढचा एक दात अर्धा तुटला होता.

"आवाज कावून न्हाई दिलास?"

"दिला की," मी म्हणालो. "तुला ऐकू न्हाई आला."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्या सुजलेल्या तोंडाने हसला.

"व्हय," म्हणाला, "गर्दी लई होती."

तेवढ्यात आतून त्याचं नाव पुकारलं आणि तो उठून गेला. सोबत आलेल्यांनी बाहेर पायरीवरच थांबायचं, अशी पाटी होती. मी संध्याकाळपर्यंत त्या पायरीवर बसून राहिलो. परत येताना जीपमध्ये त्याला नीट बोलता येत नव्हतं. मला येत होतं, पण मी बोललो नाही.

आता यात्रेत पुन्हा सामने होतात. भिंत भरते. मुलगी तिच्या आईसोबत धाब्यावर उभी राहून बघते. कॅप्टन त्यानंतर खेळला नाही. संघ तोच बघतो, रेघेबाहेर उभा राहून सूचना देतो. भाऊ त्याच्याशी बोलतो, म्हणजे कामापुरतं. माझ्याशी कॅप्टन पूर्वीसारखाच वागतो, घरी येतो, चहा पितो. नाक मात्र वाकडं बसलंय. नवीन कुणी भेटलं की विचारतंच, "हे काय झालं हो?" तो सांगतो, "पाऊस झालता. पाय घसरला मैदानात."

मी बहुतेक वेळा शेजारीच असतो. विचारणारा माझ्याकडे बघतो, आणि मी मान डोलावतो.